घरातील कॅसेटांची स्वतःपुरती प्रत: कायदा कुठवर साथ देतो आणि काम कसे करावे

माळ्यावरून उतरवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात नव्वद मिनिटांची एक कॅसेट निघाली. तिच्या पाठीवर वडिलांच्या बारीक अक्षरात ‘नाट्यपदे, आकाशवाणी’ एवढेच लिहिलेले होते. तिच्या शेजारी दुकानातून विकत घेतलेल्या भावगीतांच्या कॅसेटा होत्या, शेजाऱ्यांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या काही होत्या, आणि एका घरगुती मैफलीत टेपरेकॉर्डर गायकासमोर ठेवून केलेले मुद्रणही होते. हे सगळे संगणकावर उतरवायला घेतले तेव्हा पहिला प्रश्न यंत्राचा नव्हता, हे करणे कायदेशीर आहे का, हा होता. त्याचे उत्तर एका वाक्यात मिळत नाही, कारण त्या एकाच खोक्यात कायद्याच्या दृष्टीने चार निरनिराळ्या प्रकारचे आवाज होते. आवाज कुठून आला आणि केलेली प्रत कुठे जाणार, या दोन गोष्टींवर उत्तर ठरते. कोणते यंत्र वापरले याला फारसे महत्त्व नाही.

हा लेख भारतातील कायद्यापुरता आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी शेवटाकडे थोडे लिहिले आहे. एखाद्या प्रकरणात नोटीस आली असेल, तर अर्थातच वकिलाचा सल्ला घ्यावा.

एका गाण्याचे अनेक मालक

कॉपीराइट अधिनियम १९५७ सालचा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. या कायद्यानुसार आपण ज्याला ‘गाणे’ म्हणतो त्यात किमान तीन स्वतंत्र हक्क एकमेकांवर रचलेले असतात. शब्द हे साहित्यकृती म्हणून गीतकाराचे असतात. चाल ही संगीतकृती म्हणून संगीतकाराची असते, आणि कायद्यातील संगीतकृतीच्या व्याख्येतून शब्द स्पष्टपणे वगळलेले आहेत. तिसरा हक्क ध्वनिमुद्रिकेचा. तिचा ‘कर्ता’ म्हणजे गायक नव्हे, तर मुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा निर्माता, आणि व्यवहारात तो बहुतेक वेळा ध्वनिमुद्रण कंपनी असतो. गायक आणि वादक यांना याखेरीज प्रयोगकर्ते म्हणून वेगळे हक्क आहेत. ते १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात आले.

हे तीन थर लक्षात ठेवण्याचे कारण व्यावहारिक आहे. एका थराची मुदत संपली म्हणून बाकीचे मोकळे होत नाहीत, आणि ‘गायकाच्या घरच्यांनी परवानगी दिली’ एवढ्याने ध्वनिमुद्रिकेची प्रत करण्याचा अधिकार मिळत नाही. ध्वनिमुद्रिकेच्या मालकाच्या हक्कांची यादी कलम १४ मध्ये आहे. त्यात ती ध्वनिमुद्रिका सामावणारे दुसरे मुद्रण करणे, आणि २०१२ पासून इलेक्ट्रॉनिक साधनाने ती कोणत्याही माध्यमात साठवणे, हे दोन्ही येते. म्हणजे कॅसेटवरून संगणकात फाइल तयार करणे हा मुळात मालकाचाच हक्क आहे. आपल्याला ते करता येते ते केवळ अपवादाच्या दारातून.

२०१२ मध्ये उघडलेले दार

ते दार कलम ५२ च्या पहिल्या पोटकलमातील पहिल्याच खंडात आहे. संगणक प्रणाली वगळता कोणत्याही कृतीचा खासगी किंवा व्यक्तिगत उपयोगासाठी, ज्यात संशोधनही येते, केलेला उचित वापर हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही, असे तो खंड सांगतो. त्याखालच्या स्पष्टीकरणानुसार अशा उपयोगासाठी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हाही भंग नाही.

यातील ‘कोणत्याही कृतीचा’ हे शब्द सर्वांत मोलाचे आहेत. २०१२ पूर्वी त्या जागी साहित्य, नाट्य, संगीत आणि कला या कृतींचाच उल्लेख होता. ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट त्यात नव्हते. म्हणजे स्वरलिपीची वही स्वतःसाठी उतरवून घेणे चालत होते, पण विकत घेतलेल्या कॅसेटची दुसरी कॅसेट करणे काटेकोरपणे पाहिले तर या अपवादात बसत नव्हते. दोन कप्प्यांचे टेपरेकॉर्डर ज्या दशकांत घरोघरी होते, त्या संपूर्ण काळात हा अपवाद आपल्या मदतीला नव्हता आणि कुणाला त्याची फिकीरही नव्हती. २१ जून २०१२ पासून दुरुस्ती अमलात आली, तोवर कॅसेटचा जमाना जवळजवळ सरला होता.

‘उचित’ या शब्दाची व्याख्या मात्र कायद्यात नाही. न्यायालये साधारणपणे किती भाग घेतला, कशासाठी घेतला आणि त्याने मूळ कृतीच्या बाजाराला धक्का बसतो का, हे पाहतात. स्वतःकडे असलेल्या, जीर्ण होत चाललेल्या कॅसेटची स्वतःला ऐकण्यासाठी केलेली प्रत या कसोट्यांवर सहज टिकावी असे मला वाटते. पुढच्या सर्व पायऱ्या ही टिकाऊ स्थिती बिघडू नये यासाठीच आहेत.

पायरी पहिली: खोक्याचे चार ढीग करा

विकत घेतलेल्या कॅसेटा, सीडी आणि तबकड्या यांचा पहिला ढीग. हा सर्वांत निर्धोक. मूळ वस्तू आपल्याकडे आहे, मालकाला तिचा मोबदला मिळालेला आहे, आणि प्रत आपल्याच ऐकण्यासाठी आहे. अट एकच: मूळ वस्तू जपून ठेवावी. कॅसेट विकून टाकून तिची फाइल स्वतःकडे ठेवली, तर एकाच खरेदीवर दोन घरांत ऐकणे सुरू होते आणि ‘उचित’ हा शब्द लंगडा पडतो.

दुसरा ढीग रेडिओवरून मुद्रित केलेल्या कॅसेटांचा. प्रसारण करणाऱ्या संस्थेला स्वतःच्या प्रसारणावर २५ वर्षांचा वेगळा हक्क असतो, ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. पण कलम ३९ म्हणते की मुद्रण करणाऱ्याने स्वतःच्या खासगी उपयोगासाठी केलेले ध्वनिमुद्रण हा प्रसारणाच्या हक्काचा किंवा प्रयोगकर्त्याच्या हक्काचा भंग ठरत नाही. प्रामाणिक अध्यापन आणि संशोधनासाठी केलेल्या मुद्रणालाही ही सूट आहे. रेडिओवर संगीत सभा चालू असताना रात्री जागून ज्यांनी राग मुद्रित केले, त्यांच्या पाठीशी हे कलम उभे आहे.

तिसरा ढीग मैफलींचा. येथेही कलम ३९ लागू होते आणि पारंपरिक बंदिशीवर कुणाचा कॉपीराइट उरलेला नसतो, त्यामुळे स्वतः केलेले मुद्रण स्वतः ऐकण्यात अडचण येऊ नये. मात्र तिकिटावर किंवा प्रवेशद्वारावर मुद्रणास मनाई असल्याचे लिहिले असेल, तर तो आयोजकाशी झालेल्या कराराचा प्रश्न होतो आणि कॉपीराइटचा अपवाद तेथे उपयोगी पडत नाही. गायकाचा हक्क मैफल झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षे चालतो. १९९८ च्या मैफलीवर तो २०४८ च्या अखेरपर्यंत राहील. म्हणून अशी मुद्रणे कितीही दुर्मीळ असली तरी गायकाच्या किंवा वारसांच्या संमतीवाचून ती बाहेर देऊ नयेत.

चौथा ढीग दुसऱ्यांच्या कॅसेटवरून उतरवलेल्या कॅसेटांचा, आणि तो आमच्या खोक्यात सर्वांत मोठा निघाला. कायदा मूळ प्रत स्वतःच्या मालकीची असलीच पाहिजे असे शब्दांत म्हणत नाही, हे खरे. पण प्रतीची प्रत करत गेल्यावर उचितपणाचा दावा दर वेळी पातळ होतो, आणि आवाजही. माझा सल्ला असा की या ढिगातील जी गाणी आज अधिकृतपणे मिळतात, ती विकत घ्यावीत किंवा वर्गणी देऊन ऐकावीत. जी कुठेच मिळत नाहीत, तीच जतनासाठी उतरवून घ्यावीत.

पायरी दुसरी: मुदत मोजा

काही मुद्रणांबाबत एवढी काळजी करण्याचे कारणच उरत नाही, कारण त्यांची मुदत संपलेली असते. ध्वनिमुद्रिकेची मुदत ती प्रथम प्रकाशित झाली त्याच्या पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे. शब्द आणि चाल यांची मुदत कर्त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे. हा आकडा पूर्वी ५० होता. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ च्या अखेरीस संपत होता. तो संपू नये या खटपटीतून आधी अध्यादेश आणि मग १९९२ चा कायदा आला आणि सर्वांचीच मुदत दहा वर्षांनी वाढली.

हिशेब एकदा करून पाहू. एखादी तबकडी १९६० साली बाजारात आली असेल, तर तिची ६० वर्षे १ जानेवारी १९६१ पासून मोजायची. ती ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली आणि १ जानेवारी २०२१ पासून ती ध्वनिमुद्रिका म्हणून मोकळी झाली. आता त्यावरील गाणे नाट्यपद आहे असे धरू. ‘संगीत मानापमान’ १९११ सालचे. पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, म्हणून शब्द २००९ च्या आरंभापासून मोकळे. टेंबे १९५५ मध्ये गेले, म्हणून चाली २०१६ च्या आरंभापासून मोकळ्या. म्हणजे १९६० च्या तबकडीवर या नाटकातील पद असेल तर तिन्ही थर सुटले. तेच पद दुसऱ्या गायकाने गाऊन १९७८ साली प्रथम प्रकाशित झाले असेल, तर शब्द आणि चाल मोकळे असूनही ते मुद्रण २०३८ च्या अखेरपर्यंत कंपनीचेच राहते.

याच्या उलट उदाहरण ‘गीतरामायणा’चे. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये आणि सुधीर फडके २००२ मध्ये निवर्तले. त्यामुळे शब्दांवरील हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आणि चालींवरील हक्क २०६२ च्या अखेरपर्यंत चालेल. शब्द आणि चाल यांच्या मोकळे होण्यात एका पिढीचे अंतर आहे! एखाद्या मुद्रणाची स्वतःची मुदत संपली, तरी खालचे हे दोन थर जिवंत असतात आणि ते जाहीरपणे वाजवताना आडवे येतात.

मुदत मोजताना वेष्टन नीट वाचावे. कलम ५२-ए प्रमाणे ध्वनिमुद्रिकेवर आणि तिच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव-पत्ता, हक्काच्या मालकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापावे लागते; वर्तुळातील ‘पी’ या अक्षरापुढचे वर्ष साधारणतः ध्वनिमुद्रिकेचे असते. येथे एक फसवी जागा आहे. जुन्या तबकड्यांवरील गाणी एकत्र करून १९८८ साली काढलेल्या कॅसेटवर १९८८ छापलेले असू शकते, पण मोजायचे ते त्या मुद्रणाच्या पहिल्या प्रकाशनाचे वर्ष. उलट, तेच गाणे नव्या वाद्यमेळासह पुन्हा मुद्रित केले असेल, तर ती नवी ध्वनिमुद्रिका असते आणि तिची मुदत नव्याने सुरू होते. कान देऊन ऐकल्यावर हे बहुधा कळते. शंका राहिली, तर मुदत चालू आहे असेच धरून वागावे.

पायरी तिसरी: उतरवण्याचे काम

हे काम शक्यतो स्वतःच्या घरी आणि स्वतःच्या हाताने करावे, असे मी म्हणतो त्यामागेही कायद्याचेच कारण आहे. मुंबई उच्च न्यायालयात टिप्स इंडस्ट्रीज विरुद्ध विंक म्युझिक या प्रकरणात, आमच्या ग्राहकांनी व्यक्तिगत उपयोगासाठी गाणी उतरवून घेतली म्हणून आम्हालाही तो अपवाद मिळावा, असा युक्तिवाद सेवा पुरवणाऱ्या कंपनीने केला होता. एप्रिल २०१९ च्या निकालात तो फेटाळला गेला. व्यक्तिगत उपयोग करणारी व्यक्ती वेगळी आणि त्यावर धंदा करणारा वेगळा. कॅसेटची फाइल पैसे घेऊन करून देणाऱ्या दुकानालाही हाच तर्क लावता येईल असे मला वाटते, विशेषतः ते दुकान फाइलींचा साठा स्वतःकडे ठेवत असेल तर.

कॅसेट हाती घेतल्यावर लगेच वाजवू नये. आधी तिच्या तोंडाशी, जेथे फीत उघडी दिसते तेथे, मधल्या खिडकीत पाहावे. तांब्याच्या बारीक पट्टीवर नखाएवढी फेल्टची गादी चिकटवलेली असते आणि ती फीत हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरते. जुन्या कॅसेटमध्ये गोंद सुकून ही गादी गळून पडलेली असते. मग आवाज येतो, पण दूरच्या खोलीतून यावा तसा, आणि माणूस उगाच डेकला, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राला, दोष देत बसतो. निरुपयोगी कॅसेटची गादी काढून ती या पट्टीवर बसवली की दोष जातो. कवच पाच स्क्रूंचे असेल तर उघडणे सोपे. चिकटवलेले असेल तर फीतच दुसऱ्या कवचात हलवावी लागते.

यानंतर फितीची कड उजेडात तिरपी धरून पाहावी. कोकणात आणि मुंबईच्या दमट घरांत फितीच्या वेटोळ्यांवर पांढरट बुरशी धरते. बुरशी असलेली कॅसेट चांगल्या डेकमध्ये घातली की ती हेडला लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर पसरते. म्हणून अशा कॅसेटा प्लास्टिकच्या पिशवीत वेगळ्या ठेवाव्यात, नाकातोंडावर मास्क बांधून, एखादा जुना टेपरेकॉर्डर केवळ गुंडाळण्यासाठी वापरून, मऊ कोरड्या कापडाने पुसत पुढे-मागे फिरवाव्यात, आणि सर्वांत शेवटी उतरवाव्यात. बाकीच्या कॅसेटाही मुद्रणापूर्वी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्याव्यात. वर्षानुवर्षे एकाच ताणात राहिलेले थर त्याने मोकळे होतात.

डेकचे हेड, कॅपस्टन नावाचा पोलादी दांडा आणि रबरी चाक कापसाच्या काडीवर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन पुसावे. रबरावर ते फार घासू नये. कॅसेटवर दुहेरी ‘डी’चे डॉल्बीचे चिन्ह असेल तरच डेकवरील डॉल्बीचे, म्हणजे फितीची खरखर कमी करणारे, बटण सुरू करावे. चिन्ह नसलेल्या कॅसेटवर ते लावले तर आवाजाची धारच निघून जाते. सगळ्यात नाजूक काम हेडच्या कोनाचे. घरच्या टेपरेकॉर्डरवर केलेल्या मुद्रणात हेड किंचित तिरपे असेल, तर चांगल्या डेकवर तंबोऱ्याची जवार आणि ‘स’चा उच्चार बोथट ऐकू येतो. हेडशेजारच्या लहान स्क्रूची मूळ जागा रंगाच्या ठिपक्याने खुणावून घ्यावी, दोन्ही चॅनेल एकत्र करून हेडफोनवर ऐकत स्क्रू अगदी केसभर फिरवावा, आणि सर्वाधिक तीक्ष्ण आवाज आला की थांबावे. वडिलांच्या त्या नाट्यपदांच्या कॅसेटवर पाव फेऱ्यापेक्षाही कमी फिरवल्यावर ऑर्गनची सुरावट अचानक समोर येऊन बसली. काम संपल्यावर स्क्रू खुणेवर परत आणण्यास विसरू नये.

डेकच्या ‘लाइन आउट’मधून बाहेर पडणारी वायर संगणकाच्या माइकच्या भोकात कधीही घालू नये. यूएसबीने जोडला जाणारा साधा ऑडिओ इंटरफेस घ्यावा. वॉकमनच्या आकाराचे स्वस्त यूएसबी कॅसेट प्लेअर मिळतात, पण त्यांचा वेग डगमगतो आणि लांबलेल्या आलापात तो लगेच जाणवतो. संगणकावर ऑडेसिटी ही मोफत प्रणाली पुरेशी आहे. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी, आणि बाजू संपेपर्यंत मध्ये थांबवू नये. गाणी नंतर वेगळी करता येतात. खरखर काढण्याच्या सोयीचा मोह आवरावा. ती थोडी जास्त झाली की तंबोराच पुसला जातो. मूळ फाइल न छेडता ठेवून साफसफाई दुसऱ्या प्रतीवर करावी.

सीडीचे काम सोपे आहे. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा फ्रीएसी यांसारख्या प्रणालीने चुका तपासत प्रत काढावी, आणि घरी लिहिलेल्या सीडी सर्वांत आधी हाती घ्याव्यात, कारण त्या छापील सीडीच्या मानाने लवकर खराब होतात. तबकड्यांबाबत एवढेच, की ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीला सुमारे ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि एलपीला सुमारे ०.७ मिलची सुई लागते. एलपीच्या सुईने लाखेची तबकडी वाजवली तर सुई खोबणीच्या तळाशी घासत जाते आणि खरखरीखेरीज फारसे काही हाती लागत नाही.

पायरी चौथी: फाइल आणि वही

जतनाची प्रत फ्लॅक या स्वरूपात ठेवावी. सीडीच्या दर्जाच्या एका तासाच्या न दाबलेल्या ध्वनीला सुमारे ६०० एमबी जागा लागते; फ्लॅक ती बरीच कमी करते आणि आवाजातील काहीही गमावत नाही. मोबाइलसाठी त्यावरून एमपी३ करून घ्यावी.

फाइलीच्या माहितीत गायक, गीतकार, संगीतकार, कंपनी आणि वर्ष ही नोंद भरावीच. आधीपासून असलेली हक्कांची माहिती जाणूनबुजून आणि अधिकाराशिवाय काढून टाकणे हा कलम ६५-बी खाली वेगळा गुन्हा आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. याशिवाय एक साधी वही करावी. त्यात प्रत्येक फाइलीपुढे मूळ वस्तू कोणती, ती कशी मिळाली, कोणत्या ढिगातील, प्रत कधी केली आणि मूळ वस्तू घरात कुठे ठेवली आहे, एवढे लिहावे. कायदा अशी वही मागत नाही. पण उद्या कुणी विचारले, तर आपला वापर खासगी आणि उचित होता हे दाखवायला तिच्याइतका चांगला कागद नाही. वेष्टनाचे आणि हस्ताक्षरातील यादीचे छायाचित्रही त्याच फोल्डरमध्ये ठेवावे.

एखाद्या सीडीवर प्रत होऊ न देणारे डिजिटल कुलूप घातलेले असेल तर काय, असा प्रश्न येतो. कलम ६५-ए असे कुलूप तोडणे गुन्हा ठरवते, पण तोडणाऱ्याचा हेतू कॉपीराइटचा भंग करण्याचा असला पाहिजे. कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी ते केले तर ते कलम आड येत नाही. मात्र दुसऱ्यासाठी कुलूप तोडून देणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता आणि उद्देश यांची संपूर्ण नोंद ठेवायची असते. गल्लीतल्या किती दुकानांत असे नोंदपुस्तक असेल, हा विचार वाचकांनीच करावा.

पायरी पाचवी: उंबरठा ओळखा

येथवर केलेले सगळे काम एका चुकीने वाया जाऊ शकते. आमच्या घरातील एका उत्साही मुलाने उतरवलेल्या भावगीतांची एक फाइल स्थिर चित्र लावून एका व्हिडिओ संकेतस्थळावर ठेवली. काही मिनिटांतच यंत्रणेने गाणे ओळखून हक्काचा दावा लावला. त्याचे म्हणणे होते की पैसे तर मिळवलेच नाहीत. पण कायद्यात ‘जनतेस कळवणे’ याचा अर्थ कृती पाहायला किंवा ऐकायला उपलब्ध करून देणे एवढाच आहे. कुणी ती प्रत्यक्ष ऐकली की नाही आणि तुम्ही कमावले की नाही, याने त्या व्याख्येत फरक पडत नाही. व्हिडिओ काढून टाकला आणि प्रकरण तेथेच मिटले.

स्वतःच्या दोन डिस्क, त्यातील एक दुसरीकडे ठेवलेली, आणि पासवर्ड असलेली क्लाउडवरील जागा, हे सारे खासगीच आहे. त्याच क्लाउडवरील फोल्डरची लिंक तयार करून ती दीडशे जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकली की ते खासगी राहिले नाही. एका छताखाली राहणाऱ्यांनी ऐकणे निश्चितपणे आत. दुसऱ्या शहरात संसार करणाऱ्या मुलीला प्रत पाठवणे हा वादाचा काठ आहे. मी तिला आली की ऐकवतो, आणि ज्या कॅसेटा तिला हव्या होत्या त्या मूळ कॅसेटच देऊन टाकल्या.

शिक्षेचे आकडे माहीत असावेत. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड आहे. भंग धंद्यातील फायद्यासाठी नसेल, तर न्यायालय पुरेशी कारणे नोंदवून यापेक्षा कमी शिक्षा देऊ शकते. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. घरी बसून जुनी कॅसेट ऐकणाऱ्याने यामुळे घाबरण्याचे काहीच कारण नाही, पण पेनड्राइव्हमध्ये ‘जुनी मराठी गाणी’ भरून विकणाऱ्याने मात्र आहे.

प्रत करणे आणि जाहीरपणे वाजवणे हे वेगळे प्रश्न आहेत, तरी लोक ते एकत्र विचारतात म्हणून थोडक्यात सांगतो. निवासी इमारतीतील रहिवाशांच्या सामाईक सभागृहात त्यांच्यासाठी गाणी लावणे कलम ५२ मध्ये मोकळे आहे. हॉटेलात तसे नाही. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत, आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभांतही, ध्वनिमुद्रण वाजवण्यास सूट आहे. ही सूट कुठवर ताणायची यावर गोव्यात वाद झाला. या सवलतीविषयीचे राज्य शासनाचे जानेवारी २०२४ चे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातील पीठापुढे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले. गणपतीची आरती आणि मंडपासमोरचा डीजे यांना एकाच मापाने मोजता येणार नाही, असे मला वाटते.

ऑनलाइन गाण्यांचे काय

वर्गणीच्या अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ असे लिहिलेले असले, तरी ती प्रत आपली नसते. ती कुलूपबंद असते आणि वर्गणी संपली की उघडत नाही. अ‍ॅपचा आवाज बाहेरच्या साधनाने मुद्रित करणे हे बहुधा वापराच्या अटींविरुद्ध असते, आणि त्यासाठी कुलूप तोडले तर वर सांगितलेल्या कलम ६५-ए चा प्रश्नही उभा राहतो. ज्या दुकानात फाइल कायमची विकत मिळते, ती घ्यावी आणि पावती त्या वहीत चिकटवावी. टोरंट तर पूर्णपणे टाळावे, कारण त्यात आपण फाइल घेत असतानाच इतरांना देतही असतो, आणि देणे हे खासगी उपयोगात बसत नाही.

परदेशातील वाचकांसाठी

प्रत जेथे करतो, तेथला कायदा लागतो. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४ मध्ये स्वतःच्या सीडीची व्यक्तिगत प्रत करण्यास मुभा दिली होती, पण संगीतकारांच्या संघटनांनी आव्हान दिल्यावर तेथील उच्च न्यायालयाने २०१५ च्या जुलैमध्ये ती रद्द केली. त्यामुळे लंडनमधील मराठी घरात आईची सीडी संगणकावर उतरवणे आजही काटेकोरपणे नियमबाह्य आहे. जर्मनीत खासगी प्रतीला १९६५ पासून जागा आहे. त्याची भरपाई मुद्रणयंत्रे आणि साठवणीची साधने यांच्या किमतीत मिसळलेल्या आकारातून हक्कधारकांना मिळते. मात्र उघडपणे बेकायदा असलेल्या स्रोतावरून केलेली प्रत तेथे चालत नाही आणि कुलूप तोडणेही चालत नाही. भारतात असा आकार नाही, म्हणून आपल्याकडे सगळा भार ‘उचित’ या एका शब्दावर आहे.

मूळ कॅसेटांचे पुढे काय

फाइल तयार झाली म्हणून कॅसेटा भंगारात देऊ नयेत. प्रत्येक कॅसेट पूर्ण गुंडाळून, डबीत उभी, लाउडस्पीकरच्या चुंबकापासून दूर आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावी. पावसाळ्यानंतर पुड्या बदलाव्यात. घरात जागाच नसेल, तर संग्रह एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाला द्यावा. ग्रंथालय व्यापारी नसेल आणि त्याच्याकडे कृतीची डिजिटल नसलेली प्रत असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवण्याची मुभा २०१२ च्याच दुरुस्तीने कलम ५२ मध्ये दिली आहे. देताना कॅसेटांबरोबर ती वहीही द्यावी, आणि जी मूळ प्रत दिली तिची फाइल आपल्या डिस्कवरून काढून टाकावी.